सेकंदाला साठ

धाकटीने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून आत फुंकर मारली. काहीच उडालं नाही, आणि तिला तेच आवडलं नाही.

"धूळ नाहीये, दादा."

"दवाखान्यात धूळ कशी असेल?"

"दवाखान्यांतच असते. माझी निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टर आहेत."

दादा दातांचा डॉक्टर होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्याच दवाखान्यात, तो पेशंटच्या नातेवाइकासारखा भिंतीला टेकून उभा होता. तपासणीच्या खोलीमागच्या या चिंचोळ्या खोलीतला कॉम्प्युटर कागदोपत्री एक्स-रे बघण्यासाठी होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मात्र असं दणदणीत होतं, की त्यावर अख्ख्या शहराच्या अक्कलदाढा एकदम उगवताना दिसल्या असत्या. कार्ड धाकटीनेच बसवलं होतं. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कारण विचारायची तिला गरज पडली नव्हती.

मारामारीचे व्हिडिओ गेम दोघं शाळेपासून खेळत आली होती. तीस वर्षं ती हरत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी नवा खेळ बाजारात आला, तो दोघांनी एकाच दिवशी घेतला. ती घरून खेळायची, तो इथून. परवाच्या रविवारी तिने त्याला ओळीने नऊ वेळा लोळवलं आणि दहावा डाव काहीतरी निमित्त काढून टाळला. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. "माझं मशीन हा खेळ पेलत नाहीये. ठोसा उशिरा पडतो. ये जरा."

"मशीनच आहे ना?" त्याने आता विचारलं.

"बघू तर दे."

खेळाच्या पानावर, कॉम्प्युटर कसा हवा याच्या दोन याद्या होत्या. 'किमान', म्हणजे एवढं असलं तर खेळ निदान सुरू होईल. आणि 'शिफारस', म्हणजे एवढं असलं तर माणूस सुखात राहील. दादाचं मशीन दुसऱ्या यादीच्याही वरचं होतं. तरी तिने कार्डाचा ड्रायव्हर तपासला, तापमान तपासलं, आणि खेळातलीच चाचणी लावली. या खेळाला सेकंदाला साठ चित्रं लागतात. कमी पडली की हाणामारी अडखळते. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बदडू लागले. कोपऱ्यातला आकडा साठवर बसला आणि बंद घड्याळासारखा तिथेच राहिला.

दारावर टकटक झाली. काउंटरवरच्या मावशींनी मान आत घातली.

"डॉक्टर, तीनच्या दाढवाल्या बाई लवकर आल्यात. काय सांगू?"

"ड्रिल बंद आहे. कंपनीचा माणूस यायचाय."

"तीन आठवडे तेच सांगतेय मी. मघाशी एकाने विचारलं, माणूस चालत येतोय का?"

"बसवा त्यांना. आलोच."

मावशी गेल्या. इकडे कॉम्प्युटर बिघडलेला, तिकडे ड्रिल बिघडलेलं. धाकटीने या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवल्या, आणि काही गरज नसताना स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वायर असेल," दादा म्हणाला. "वायर बघ."

दुकानात तिचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की दुरुस्ती होते, पण दोष कुठे होता ते कळत नाही. तिने खेळातली सरावाची खोली उघडली. तिथे एक पैलवान मनात येईल तेव्हा हात उगारतो. तो दिसताच आपण हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबायचं, की किती चित्रांचा उशीर झाला तो आकडा येतो. तिने दाबलं. सतरा. दादाने दाबलं. एकतीस.

तिने कंट्रोलरची वायर बदलली. तीस. मागचं सॉकेट सोडून पुढचं वापरलं. एकतीस. बॅगेतून स्वतःचा कंट्रोलर काढून दिला. तेहतीस.

"पडदा असेल."

"पडदा तोच आहे, दादा. त्याच्यावरच मी सतरा काढलेत."

"तू तरुण आहेस."

"चव्वेचाळीस पूर्ण झाली."

"मग मेमरी. मेमरी कमी पडत असेल."

तिने मेमरीची पट्टी काढली, पुसली, परत बसवली. त्याने काही होणार नाही हे तिला माहीत होतं, पण तेवढीच दोन मिनिटं गेली. मग पडद्याकडेच बघत ती म्हणाली,

"आता डाव्या हाताने दाब."

त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. अठरा. पुन्हा अठरा. उजव्याने, चौतीस.

पैलवान हात उगारत राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सरावातून बाहेर पडताना तिचा हात चाचणीच्या पानावर गेला आणि जुन्या निकालांची यादी उघडली. आजचा सोडून चौदा निकाल होते, सगळे गेल्या तीन आठवड्यांतले. सगळ्यांपुढे एकच शब्द होता: उत्तम.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मी सगळं एकदम बदलून बघितलं होतं. तू एकेक करून बघतेस. म्हटलं, माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल."

त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर बारीक फिरत होती, न दिसणारी गोळी वळत असल्यासारखं.

"किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस."

वर्षभर ठणकणारी दाढ घेऊन आलेला पेशंटही खुर्चीत बसून हेच सांगतो. त्यावर दादा काही न बोलता नुसता बघत राहायचा. तीही नुसती बघत राहिली.

"मागच्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला.

"आणि तू ड्रिल..."

"नाही. इथे सरावात माझा आकडा बघितला, त्या दिवसापासून कुणाच्या तोंडात हात घातला नाही."

"वहिनीला सांगितलंस?"

"आधी मशीन बघून घेऊ म्हटलं."

दार पुन्हा वाजलं. "डॉक्टर, बाई उठायला लागल्यात. कंपनीचं काय सांगू?"

दादाने टेबलावरचा हात उचलला नाही. मावशींची नजर त्यावर गेली आणि परत त्याच्या चेहऱ्यावर आली.

"कंपनीचं राहू द्या. मी येतो, मीच बोलतो त्यांच्याशी. तुम्ही समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवा."

मावशी दारातच थबकल्या. बारा वर्षांत या दवाखान्यात त्या माणसाचा उल्लेख एकाच शब्दाने झाला होता.

"त्या कसायाचा?"

"हो," दादा म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा."