पेटीच्या झाकणातलं पुस्तक

आमच्या मास्तरांचे संसार दोन. एक माझ्याशी, दुसरा लातूरच्या नंदी छापखान्याशी. पहिल्याकडे ते सवड मिळाली तर बघतात. दुसऱ्याची मात्र लाल शाईने रकाने आखून यादी चाललेली असते: पुस्तकाचं नाव, कर्ता, साल, आणि प्रत कुणाकडे आहे त्याचं नाव. नवऱ्याला मीही मास्तरच म्हणते. लग्नातला उखाणा सोडला तर त्यांचं नाव मी तोंडातून काढलेलं नाही. त्यांनी तर माझं उखाण्यातसुद्धा घेतलं नाही. "अगं" एवढ्यावर त्यांचं सगळं भागतं.

नंदी छापखाना बसलिंगप्पांचा. ऐन उमेदीत त्यांनी आरत्या छापल्या, पंचांगं छापली, गुरांच्या औषधांची पुस्तकं छापली, आणि स्वतःजवळ एक प्रत ठेवली नाही. आता त्यांना मोतीबिंदू झालाय. "मास्तर, दिसून राहिलंय तवर माझी समदी पुस्तकं एकदा एका जागी बघायची हायत," असं ते म्हणाले आणि आमच्या मास्तरांनी शब्द देऊन टाकला.

तेव्हापासून शाळेला जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी आली की मास्तर नांदेडबाहेर. वकिलांची कपाटं झाली, वाचनालयं झाली, हदगावच्या वाण्याच्या दुकानातली पुड्या बांधायची रद्दीसुद्धा झाली. सगळी पुस्तकं मिळाली, एक राहिलं. आणि त्या एकापायी माणसाने जेवण टाकलं. पेटीवर बसून नुसते यादीकडे बघत राहिले.

"कोणतं पुस्तक ते?" मी विचारलं.

"तुला काय कळायचंय त्यातलं."

"नाव सांगायला पैसे पडतात का?"

"'नवरीचे उखाणे'. बसलिंगप्पांच्या बायकोने रचलेले. ती गेली, अन् म्हातारा त्या एका पुस्तकासाठी झुरून राहिलाय. बाकीची नसती मिळाली तरी चाललं असतं त्याला."

मला असं हसू फुटलं की हातातली पळी खाली पडली.

"उठा तिथून," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

पेटी माझ्या लग्नातली. झाकण उघडून दाखवलं. आत पिवळं पडलेलं एक पान, एका कडेला खळ लावून चिकटवलेलं, म्हणजे उलटून पाठची बाजूही वाचता यावी. माझ्या माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला, आमच्या गल्लीत त्या वर्षी पाच लग्नं होती आणि पाच पानांचं पुस्तक एकच. गुणाआत्याने त्याचा दोरा उसवला आणि प्रत्येकीच्या पेटीत एकेक पान डकवून दिलं. सासरी दारात अडवून "नाव घे" म्हणाले की लुगडं काढायच्या निमित्ताने पेटीत डोकं घालायचं. भल्या माणसाने अख्ख्या मुलखातल्या पुरुषांना विचारलं. बायकांचं पुस्तक बायकांकडे असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मास्तर धावत जाऊन वाटीत पाणी घेऊन आले. पान भिजवून सोडवायला!

"पेटीला पाण्याचा थेंब लागला तर याद राखा," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. माहेरून आलेलं एवढंच माझ्या हक्काचं.

बाकीच्या चौघींना पत्रं गेली. हदगावहून सिंधूचं उत्तर आलं: पान निघायचं नाही. पाहिजे तर पेटी येईल, आणि पेटी आली की मी येईन. तारामतीचंही तेच, आणि उरलेल्या दोघींचंही. एरवी माहेरच्या वाटेला चार दिवस धाडायचं तर त्यांच्या घरी कोण कटकट. पण विद्वत्तेचं काम म्हटल्यावर नवऱ्यांना नाही म्हणवेना.

ठरल्या दिवशी लातुरात, बसलिंगप्पांच्या अंगणात, पाच पेट्या उतरल्या. कुठली मोटारीच्या टपावरून, कुठली बैलगाडीतून. आम्ही तर इतक्या वर्षांनी एकमेकींना बघून आधी रडलो, मग हसलो, मग पेट्यांवरून भांडलोसुद्धा. मास्तरांनी पानांच्या क्रमाने पेट्या मांडून घेतल्या. झाकणं उघडली. ओट्यावर बाकीची सगळी पुस्तकं हारीने रचलेली. त्यांच्याकडे म्हाताऱ्याने नजरसुद्धा टाकली नाही.

भिंग डोळ्याला लावून बसलिंगप्पा पहिल्या पेटीपाशी वाकले. "एका सुवासिनीने रचलेले," त्यांनी वाचलं. "तिचं नाव घालू दिलं न्हाई तिनं. लोक हसतील म्हणाली." मग एकेका पेटीतलं पान उलटून वाचत ते पुढे सरकत गेले, आणि ज्या त्या पेटीची मालकीण आपला उखाणा मोठ्याने म्हणत गेली. अंगणात नुसता कल्ला झाला.

शेवटची पेटी माझी. माझ्या वाट्याला सगळ्यात कुचकामी पान आलेलं, कारण त्याच्यावर पुरुषांसाठीचा उखाणा. बसलिंगप्पा तो वाचायला वाकले आणि तसेच थांबले.

"हा तिनं माझ्यासाठी लिहिला व्हता," ते म्हणाले. "म्या छापला. पण कधी म्हणला न्हाई. लाजच वाटली."

"मग आता म्हणा की, अप्पा!" सिंधू ओरडली. आम्ही सगळ्या तिच्यामागे ओरडलो.

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. पान बघायची त्यांना गरज नव्हती.

"मांडवाच्या दारी जमला सगळा गाव,
लाज सोडून घेतो कमलम्माचं नाव."

शेवटच्या शब्दाला आवाज फुटला. मग ते पोरासारखे हसले, डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाले, "कमलम्मा." आणखी एकदा म्हणाले. मला आनंद इतका झाला की सिंधूचा हात मी मोडेस्तोवर दाबला.

"मास्तर," बसलिंगप्पा म्हणाले, "यादीत घ्या. कर्ता म्हणून तिचं नाव घाला."

मास्तर खाली मान घालून बराच वेळ लिहीत होते. मी मागे जाऊन डोकावले. कर्त्याच्या रकान्यात कमलम्मा. प्रत कुणाकडे, तिथे मोठमोठ्या वकिलांच्या नावांखाली पाच बायकांची नावं, आणि शेवटचं, वळणदार अक्षरात, माझं: सौदामिनी.

त्यांनी वर पाहिलं. कान लाल झाले होते.

आत पंगत मांडली होती, सगळे उठत होते. मी पेटीचं झाकण लावलं आणि चारचौघांत, उखाण्याबिखाण्याशिवाय, म्हटलं, "चला दत्तोपंत, जेवायला."