रोज सातला एक

प्रोग्राम लोकांच्या संगणकावर नीट बसावा म्हणून तो पॅकेजमध्ये बांधून पाठवतात. त्या बांधणीचे नियम दोन वर्षांनी बदलणार होते. पण धाकटीला दम कुठला! छोट्या ग्रंथालयांसाठी एकटीने लिहिलेला आपला पुस्तकनोंदीचा प्रोग्राम तिने लगेच नव्या पद्धतीने बांधला. वर जाहीर करून टाकलं, की जुन्या संगणकवाल्यांना वाऱ्यावर सोडणार नाही. म्हणजे प्रत्येक सुधारणा दोनदा बांधायची, दोनदा तपासायची. 'आ बैल मुझे मार' म्हणतात तसं, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं काम.

वर्षभरात सगळी ग्रंथालयं नव्या पॅकेजवर गेली. जुनं घेणारा एकच उरला. रोज सकाळी सात वाजता, न चुकता. कोण, कुठला, कळायला मार्ग नव्हता. पॅकेज किती वेळा उतरवून घेतलं ते दाखवणाऱ्या मोजणीच्या पानावर नुसता एक आकडा वाढायचा.

चहाचा कप घेऊन ती आधी तो आकडा बघायची. तिच्या मनात तो एक म्हातारा ग्रंथपाल झाला होता, वेळेआधी येऊन कुलूप उघडणारा. त्याच्यापायी तिचे रविवार गेले. ताईकडे जायचं तिने चारदा टाळलं.

"तुझ्यावाचून कोणाचं एवढं अडलंय?" ताई फोनवर चिडायची.

"आहे एक जण," ती म्हणायची. तेवढं म्हणतानाही तिला बरं वाटायचं.

शेवटी डोळे फारच दुखायला लागले, तेव्हा तिने जुन्या पॅकेजात, प्रोग्राम चालवला की पडद्यावर उघडेल अशी एक चौकट घातली: 'हे पॅकेज बंद करावं म्हणते. तुमची अडचण होईल का? मला जरूर लिहा.' आठ दिवस उत्तर नाही. आकडा मात्र रोज वाढत होता. माणूस रागावला की काय, म्हणून तिचा जीव खालीवर झाला.

नवव्या दिवशी ताईच येऊन थडकली. आल्या आल्या झाडू घेऊन अडगळीच्या खोलीत शिरली.

"अगं, इथला संगणक चालूच आहे. काहीतरी विचारतोय बघ."

धाकटी दारातच थांबली. जुनं पॅकेज तपासायला तो तिनेच इथे मांडला होता. रोज सातला आपोआप उतरवून घे, चालवून बघ, असं तिनेच त्याला सांगून ठेवलं होतं. आणि साफ विसरली होती. पडद्यावर तिचीच चौकट होती. तुमची अडचण होईल का?

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

"काय गं, काय झालं? बंद करू का हा?" ताईचा हात बटणाकडे गेला.

"नको," धाकटी म्हणाली. "उद्या सातपर्यंत तरी राहू दे."