उदेभान आणि रानडुक्कर

दसरूनं उदेभानाला जन्म दिला तो दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-सोंगांच्या खेळात, हशा पिकावा म्हणून, आणि तो असा पिकला की चौदा वर्षं लोक पोट धरून हसत राहिले. दसरू ज्याचं सोंग घ्यायचा तो उदेभान म्हणजे धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, मचाणावर बसलेला राखणदार. खाली रानडुकरं धान फस्त करतायत आणि हा वर स्वप्न बघतोय की आपण रेंजरसाहेब झालो, जीपगाडीत बसलो, गाव सलाम ठोकतंय. मग काळी घोंगडी पांघरून दसरूचा जोडीदार श्रावण रानडुक्कर होऊन यायचा, उदेभान त्याला स्वप्नातच काठीनं बडवायचा आणि शेवटी धाडकन मचाणावरून खाली पडायचा.

हळूहळू तो शब्द दंडारीतून सुटला आणि मोकाट फिरायला लागला. खिडकीबाहेर बघत बसलेल्या पोराला मास्तर उदेभान म्हणायचे. चामोर्शीच्या गाडीचा कंडक्टर थांबा चुकलेल्यावर ओरडायचा, "अबे उदेभान, उतर!" गावचे लोक घुग्घुसला खाणकामाला गेले, तर तिथंही पाळीत डुलकी काढणाऱ्याला हेच नाव. ऐकलं की दसरूची छाती फुगायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं भाषेत एक शब्द घातला, हे काय थोडं झालं?

एका गोष्टीबद्दल मात्र तो कधी बोलत नसे. उदेभान त्यानं मनानं रचलेला नव्हता. तो मुखरू होता. मुखरू एकदा मचाणावर उघड्या डोळ्यांनी बसून राहिला आणि डुकरांनी त्याची अख्खी बांधी साफ केली, हे दसरूनं शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून स्वतः पाहिलं होतं. रेंजर, जीप, सलाम हे सगळं दसरूचं. मुखरूची बायको रुखमा तेव्हा बाळंतपणात गेली होती, तिला जाऊन आठ दिवसही झाले नव्हते. दसरूला ते ठाऊक होतं. हसू यावं म्हणून त्यानं तेवढंच गाळलं. गावानंही मुखरूला ओळखलं, पण रुखमाची आठवण कोणालाच झाली नाही. मुखरूचं नावच उदेभान पडलं, आणि तो मान खाली घालून ऐकत आला.

गडचिरोली जिल्हा नवा झाला, त्याच्या दोन वर्षांनंतरची ही गोष्ट. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, एक दिवस उरला होता. मुखरू दसरूच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"दसरूभाऊ, एक मागनं हाये. माह्या सोमारीले पाहाले मार्कंड्याकडचे पाहुने येऊन राह्यले. उद्या मंडईतच येतीन."

"चांगलं हाये ना मग."

"पहिलेचे दोन पाहुने 'उदेभानाची पोरगी' म्हनून उठून गेले. उद्या तो खेळ करू नोको. तुह्या पाया पडतो."

तो खरंच वाकला. दसरूनं त्याला दंडाला धरून उभं केलं. "नाई करत. मायची आन."

आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं ती आन मोडली. मांडवात हजार माणूस "उदेभान! उदेभान!" ओरडत होता. टाळीवर जगणारा माणूस किती वेळ तग धरणार? दोनच मिनिटं करू, असं स्वतःला समजावत तो बाकांच्या मचाणावर चढला. रेंजरची जीप सुरू झाली आणि लोक गडबडा लोळायला लागले. दुसऱ्या ओळीत पाहुणे बसले होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं हसता हसता शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. शेजाऱ्यानं मागं बसलेल्या मुखरूकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्यानं उपरणं झटकलं आणि उठला.

मुखरूही उठला. सकाळच्या थंडीची काळी घोंगडी अजून त्याच्या अंगावर होती, हातात बांबूची लाठी.

पहिला फटका नडगीवर बसला. दसरू मचाणासकट खाली आला. दुसरा फटका अडवायला त्यानं उजवा हात वर केला, तर हाडाचा कडकन आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला.

"अबे, डुक्करच उदेभानाले मारून राह्यला!" कोणीतरी ओरडलं आणि मांडव हास्यानं दणाणला.

"वाचवा रे! खरं हाये! खरंच मारून राह्यला!"

तो जितका जीव तोडून ओरडला तितक्या शिट्ट्या जास्त. पडद्यामागं श्रावण आपली घोंगडी घेऊन तयार उभा होता. आपल्याला न विचारता दसरूनं दुसरं डुक्कर आणलं, म्हणून तो तिथंच रुसून बसला. तिसरा फटका तोंडावर आला आणि दसरूचे पुढचे दात घशाकडे गेले. पोटात, पाठीत, तुटलेल्या हातावर पुन्हा. प्रत्येक फटक्याबरोबर मुखरू हळू आवाजात एकच बोलत होता, आणि ते फक्त दसरूला ऐकू येत होतं. "रुखमा गेली होती. रुखमा गेली होती."

पुढं बसलेल्या कलाबाईच्या लुगड्यावर रक्त उडालं तेव्हा ती किंचाळली. मग कुठं हसणं थांबलं. मुखरूनं लाठी खाली ठेवली आणि लाठीशेजारीच बसून राहिला. पळाला नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात दसरूचा उजवा हात कोपरातून कापला. चौथ्या दिवशी हवालदार जबानी घ्यायला आला. मुखरू कोठडीत होता. दारात सोमारी उभी होती, हुबेहूब रुखमाच्या तोंडवळ्याची. ती काही मागत नव्हती, रडतही नव्हती. दसरूला तिच्याकडे बघवेना. त्याला स्वतःची किळस आली.

"कोणी मारलं?" हवालदारानं विचारलं.

"खेळ होता, सायेब."

"हात गेला, दात गेले, अन् खेळ?"

"डुकराचं सोंग होतं. लाठी जोरात लागली. हजार लोक होते, त्याईले विचारा. सारे हासत होते."

हवालदारानं गावात विचारलं. कोण नाही म्हणणार? सारेच हसले होते. मुखरू सुटला.

मार्कंड्याचे पाहुणे गेले ते गेलेच. सोमारीचं लग्न दोन वर्षांनी पार वरोऱ्याकडे झालं. दसरूची दंडार संपली. एका हातानं शेतीची कामं होईनात, म्हणून तो दिवसभर धुऱ्यावर बसून धानाकडे बघत राहतो. ज्यांनी ती दंडार कधी पाहिली नाही अशी पोरं वाटेनं जाताना ओरडतात, "ए उदेभान!" तो "ओ" देतो.

सगळ्या गावात एकटा मुखरू त्याला नावानं हाक मारतो. "दसरूभाऊ, तुह्या बांधीत डुकरं घुसले पाह्य," म्हणतो, लाठी उचलतो आणि स्वतःच हाकलायला जातो.