देवरामचा न हलणारा पाडा

अरे, देवरामची गंमत ऐका! बी.ए. होऊन जव्हारला परत आला, आता म्हणे एम.ए.चा प्रबंध लिहायचा. त्यासाठी आधी मुंबईच्या प्रोफेसरांना आराखडा धाडायचा. तो पसंत पडला तर जव्हार संस्थानच्या दरबारची शिष्यवृत्ती, नाही तर दुसऱ्याच दिवसापासून वडिलांच्या शेजारी कचेरीत कारकुनी! वडिलांनी तर त्याच्यासाठी दौतसुद्धा भरून ठेवलेली.

मग काय! तीन आठवडे देवराम ओटीवरून उठला नाही. विषय घेतला, 'शतकानुशतके एकाच जागी नांदणारा डोंगरी पाडा'. दाभोसा गावाच्या पलीकडचा वीस घरांचा पाडा. नकाशा काढला, घरांना नंबर दिले, कोणत्या महिन्यात कोणतं घर तपासायचं तेही ठरवून टाकलं. पाडा पाहिलेला कधी? नऊ वर्षांचा असताना, वडिलांच्या बैलगाडीतून!

प्रोफेसरांचं पत्र आलं, "आराखडा उत्तम. फक्त एकदा जाऊन घरं मोजून या, मग सही करतो."

देवराम खुशीत निघाला. दाभोशापर्यंत गाडी, पुढे पायी. काखेत नकाशा. पोचला तर काय, पाडाच नाही! चार काळे दगड, दोन मोडके खांब आणि गवत. एक बाई मोहाची फुलं वेचत होती, कोंडी नावाची. तिनं हात करून दाखवलं, "त्या समोरच्या टेकडीवर."

तिथं म्हातारा पुंजा कारवीच्या कुडाला शेण लावत बसलेला.

"बाबा, पाडा तिथं होता ना?"

"व्हता. दोन माणसं लागोपाठ तापानं गेली. जागा रुसली. उचलला पाडा."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी नदीकडं. त्याच्या आधी त्या खिंडीत. माझ्या जन्मातली ही पाचवी जागा."

देवराम मटकन खालीच बसला. तुम्ही कधी हलत नाही असं मी लिहून बसलोय, आता कारकुनी नशिबी आली, असं सगळं बोलून गेला. पाहुणा असा रडवेला झालेला पाहून सगळा पाडा भोवती जमला. त्यांनाच वाईट वाटलं हो! आपसात कुजबुज झाली. मग पुंजा म्हणाला, "भाऊ, तुमचा सायब बघाया आलाच, तर त्या दिशी आमी जुन्या जाग्यावर जाऊन बसू. चुली पेटवू. पण दिवस मावळला की परत, हां!"

आणि खरं सांगू? देवराम क्षणभर हो म्हणणार होता! तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मोहाची टोपली डोक्यावर घेऊन कोंडी आली. सगळं ऐकून ती हसायलाच लागली.

"आमी वीस घरांची लाकडं दोन दिसात वाहिली. भाऊला चार कागद उचलवत नाय?"

सगळे खो खो हसले. देवरामचे कान लाल. पण घरी आला आणि दोन दिवसांत नवा आराखडा लिहिला, पाडा का हलतो, कसा हलतो, जागा कोण निवडतं. पुंजाच्या पाचही जागा नकाशात घातल्या.

प्रोफेसरांनी सही केली! वर शाबासकी. देवराम पत्र घेऊन धावत पाड्यावर गेला, मोठ्यानं वाचून दाखवलं, "पाडा हलतो, ही गोष्ट आजवर कोणालाच ठाऊक नव्हती."

पुंजानं कोंडीकडं पाहिलं.

"कोणालाच नाय? मग खांबाचं दुसरं टोक कोण धरत व्हतं गं?"