वाळूवर रुतलेली पेरेग्रिना

माझी बहीण दोसिंदा खाडीच्या वाळूतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरून काढते, मीही तेच करते. ओहोटी लागली की खांद्यावर दाताळं टाकून आम्ही बायका खाडीत उतरतो. दोसिंदाचा नवरा एलादिओ, म्हणजे आमचे दाजी, जन्मभर खाडीत शिंपल्या वाढवायच्या तराफ्यांवर राबले. आता त्यांना एकच काम उरलंय, ते म्हणजे पेरेग्रिना.

पेरेग्रिना ही त्यांच्या आजोबांची होडी. फळीवर फळी चढवून बांधलेली, एका शिडाची. पूर्वी आमच्या गावात अशा होड्या घरोघरी होत्या, आता ही एकटीच उरलीय. लांबलांबून लोक बघायला येतात. कुणी नुसतं "वा!" म्हटलं की दाजी आधी लाजतात आणि मग त्या बिचाऱ्याला तासभर सोडत नाहीत. मासे धरायला जातात तेसुद्धा तळाला ओलं फडकं अंथरून, खवलं चिकटायला नकोत म्हणून. दोसिंदा म्हणते, "मला एवढं पुसलं असतंस तर मीही चमकले असते."

जुलैतल्या एका सकाळी दाजी बांगडे घेऊन परतत होते. ओहोटी लागलेली, आम्ही गुडघाभर पाण्यात. धक्क्यावर कुणी पाहुणा भलामोठा कॅमेरा लावून उभा होता. दाजींनी त्याला पाहिलं मात्र, त्यांची छाती पुढे आली. होडी अख्खी दिसावी म्हणून त्यांनी सुकाणू वळवलं, आणि पेरेग्रिना सरळ वाळूच्या दांड्यावर चढून बसली. त्याच दांड्यावर, जो टाळायला त्यांनी गावातल्या पोराटोरांना शिकवलंय.

वल्हं रोवून त्यांनी जोर लावून पाहिला. होडी हलेना, आणि पाणी तर उतरतच होतं.

धक्क्यावरून पाहुणा ओरडला, "काका, जरा बाजूला घ्याल का? मागचा बगळा दिसत नाहीये!"

आम्ही हसून हसून पाण्यात बसायच्या बेतात होतो.

"दाजी, मुक्काम का आज?" मी विचारलं. "उशी पाठवू?"

"वाळू सरकलीय," दाजी म्हणाले. "काल इथे नव्हती."

"खरंय बाई," दोसिंदा म्हणाली, "रात्रीतून आली असेल, पेरेग्रिनाला बघायला."

पाणी उतरलं तशी होडी एका कुशीवर कलली. दाजी त्या उतारावर पाय रोवून बसून राहिले. आम्ही तिच्याभोवतीच उकरत होतो आणि दर दोन मिनिटांनी वरून हुकूम येत होता, "दाताळं सांभाळून! फळीला लागेल!" दोसिंदाने मक्याच्या पावाचा तुकडा वर दिला. तो त्यांनी रुमाल पसरून त्यावर खाल्ला, होडीत चुरा पडू नये म्हणून.

मग ओब्दुलियाआजी आली. आमच्यात सगळ्यांत वयस्क. दाताळं वाळूत रोवून तिने होडीच्या उघड्या पडलेल्या पोटावरून तळवा फिरवत नेला.

"माझ्या बापाची अशीच होती," ती म्हणाली. "खालून खरवडायचं काम माझ्याकडे. इंजिनाच्या होड्या आल्या तशी त्याने ती चुलीत घातली." तिचा हात एका ठिकाणी थांबला. "ही फळी नवी आहे, एलादिओ."

"गेल्या हिवाळ्यात घातली."

"कुणी बसवली?"

"मीच."

"माझ्या बापाने बघितली असती तर गप्प बसला असता. तो चांगल्या कामालाच गप्प बसायचा."

दाजी होडीतून खाली उतरले आणि म्हणाले, "भरती आली की तुमच्या तिसऱ्यांच्या गोणी होडीत टाका. मी पोचवतो."

"चिखलासकट?" दोसिंदाने विचारलं.

"हो, चिखलासकट."

पाणी चढलं, होडी तरंगली. आम्ही गोणी चढवल्या. चिखल ओघळत होता, दाजी तिकडे बघायचं टाळत होते. ओब्दुलियाआजी चढली आणि सरळ मागे जाऊन बसली. "सुकाणू दे इकडे."

दाजींनी ते आजवर कुणाच्याही हाती दिलं नव्हतं. आजीला दिलं.

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली," दोसिंदा उसळली, "मला कधी नाही दिलंस!"

"तू कधी मागितलंस?"

"मागतेय आत्ता."

आजीने हसून जागा केली. दोसिंदा बसली, सुकाणू धरलं, आणि होडी जराशी डगमगली. दाजी चिखलाने माखलेल्या गोणीवर बसून सांगू लागले, "डावीकडे. हळू. अगं, डावीकडे म्हणतोय ना!"

"एलादिओ," दोसिंदा समोर बघत म्हणाली, "तोंड बंद ठेव आणि शीड बघ."

दाजींनी निमूट शिडाची दोरी हातात घेतली. आम्ही सगळे व्यवस्थित धक्क्याला लागलो.