तीनशे सत्त्याऐंशी मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजायचं भांडं म्हणा हवं तर. वर नरसाळं, आत बाटली आणि भोवती पत्र्याचं नळकांडं, एवढाच माझा देह. मुरबे गावाच्या अलीकडे खाडीकाठी एक लहानसं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या अंगणात, उंचवट्यावर, १९७२ साली मला सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलं.

पुढे सहा वर्षांनी जमनाताई आल्या. नवरा वारल्यावर त्याच्या जागी त्या पंचायतीत शिपाई म्हणून लागल्या. रोज सकाळी साडेआठला त्या माझी बाटली काढायच्या, काचेच्या मोजपात्रात पाणी ओतायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. लेकीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा पिवळ्या हातांनी येऊन मोजून गेल्या. शाळेतली मुलं मला पाहायला यायची. गुरुजी सांगायचे, "हा कधी खोटं बोलत नाही." ते ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पहिली दहा-बारा वर्षं पाऊस माझ्या ओळखीचा होता. तीस, पन्नास, क्वचित सव्वाशे मिलिमीटर. मग तो बिघडत गेला. आषाढात वीस-वीस दिवस बाटली कोरडी राहायची आणि नंतर दोन दिवसांत महिन्याचं पाणी ओतायचं. एका वर्षी तर मार्गशीर्षात कोसळला. किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील कुजले आणि गावभर दुर्गंधी सुटली. त्याच सुमारास बोईसरकडे कारखाने वाढले, रस्ते रुंद आणि उंच झाले. खाडी आणि आमची खालची आळी यांच्यामधला रस्ताही भराव टाकून पुरुषभर उंच केला. त्याखालची मोरी मात्र होती तेवढीच राहिली. शेतांतलं पाणी खाडीत जायला ती एकच वाट होती.

१९९४ सालची आषाढातली अमावास्या. सकाळी जमनाताईंनी नेहमीसारखी बाटली रिकामी करून ठेवली. त्यानंतर जे सुरू झालं त्याला पाऊस म्हणावं का, हे मला अजून कळत नाही. थेंब वेगळे दिसतच नव्हते. नरसाळ्यात पाणी मावेना. मी मोजत नव्हतो, मित्रांनो, मी बुडत होतो. अकरा वाजता बाटली काठोकाठ भरली आणि वाहू लागली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

जमनाताई डोक्यावरून घोंगडीचा घोंगता घेऊन धावत आल्या. खालच्या आळीतले दामूकाका एका दाखल्यासाठी येऊन पडवीत अडकले होते. त्यांच्यासमोरच ताईंनी बाटली आत नेऊन मोजायला घेतली. मोजपात्रात एका वेळी वीस मिलिमीटर मावायचे. एक, दोन, तीन... दामूकाका गमतीने बरोबर मोजू लागले. सातव्या वेळी त्यांचा आवाज खाली आला. दहाव्या वेळी तो बंदच झाला.

"अडीच तासांत दोनशे," जमनाताई म्हणाल्या. "नि सांडलं ते येगलंच. काका, आळी खाली करा."

"अगो, खाडीच्या काठावर जल्मलो आमी. उधानाचं पानी उंबऱ्यापर्यंत येते नि मागं जाते."

"ते खाडीचं. हे शेताकडून येते हाय. एक वाजता भरती. खाडी भरली का मोरी बंद. मंग हे पानी जानार कुठं?"

दामूकाकांनी एकदा मोजपात्राकडे पाहिलं. मग छत्री तिथेच टाकून उतारावरून पळत सुटले.

माझ्या ओट्यावरून मला आळी दिसत होती. लोक पोरंबाळं घेऊन वर येऊ लागले. दामूकाकांची आई येसूबाई घर सोडायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी तिला पाठुंगळी मारून आणलं. साडेबारा वाजता रस्त्याच्या अलीकडे आळी नव्हतीच, नुसती कौलं होती. पाणी समुद्राकडून आलं नव्हतं, पाठीमागून आलं होतं. गाव डोळे विस्फारून पाहत होतं.

"वामन कुठं हाय?" येसूबाईने विचारलं.

वामन तिचा धाकटा मुलगा. माळ्यावरची नवी जाळी काढायला तो परत गेला होता. मातीची भिंत आतल्या आत बसली. आवाजसुद्धा वर आला नाही.

दोन वाजता जमनाताईंनी पुन्हा मोजलं, एकशे एकतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पन्न. त्यांनी वहीत बेरीज लिहिली: ३८७.

पंधरवड्याने तालुक्याहून एक कारकून आला. वही पाहून हसला. "बाई, एवढा पाऊस एका दिवसात पडत नाही. टिंब राहिलंय तुमचं." आणि त्याने खिशातलं पेन काढून आठ आणि सात यांच्यामध्ये टिंब दिलं. ३८.७.

"साहेब, सोळा वर्सं मोजते मी," जमनाताई कशाबशा म्हणाल्या.

पडवीत दामूकाका बसले होते. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. ते उठून टेबलापाशी आले.

"ते टिंब पुसा, साहेब. माज्या डोळ्यांदेखत मोजलंय. अडतीस पावसात मानूस मरत नाय."

कारकुनाने त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग त्याने टिंब खोडलं आणि शेजारी अक्षरांत लिहिलं, तीनशे सत्त्याऐंशी.

मित्रांनो, माझ्या नरसाळ्यात पाला साचू देऊ नका. माझ्यावर झाडाची फांदी येऊ देऊ नका. आणि कधी माझा आकडा ऐकून तुमचा विश्वासच बसला नाही, तर आधी खालच्या आळीकडे धावा. शंका घ्यायला मागाहून वेळ मिळेल.