सर्वांत जुनी कामगार

दिपिकाला मुरबाडच्या कंपनीत प्रोजेक्ट करायला मिळाला तो यमू आत्यामुळे. आत्या म्हणजे तिच्या बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेणव्याजवळच्या वाडीवर भावाकडेच राहायला आलेली. अकरा वर्षं ती जीपने मुरबाडला जात होती, बाटल्यांच्या झाकणांच्या पॅकिंगला. दिपिका शहापूरच्या कॉलेजात मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती. वाडीतून इतकं शिकलेली ती पहिलीच. आत्याने मॅनेजर देसलेसाहेबांना गेटापाशी गाठलं. "माझी भाची हाय, साहेब. थोडं दिस बसूं द्या तिला आमच्यात."

साहेब म्हणाले, "बसू दे. फक्त जे लिहील त्याची एक प्रत आम्हाला द्यायची."

दहा दिवस दिपिका त्या टेबलाशी वही घेऊन बसली. टेबलाभोवती आठ जणी. दोनशे झाकणं मोजून पिशवीत भरायची, पिशवी बंद करायची, वर आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवायची. संध्याकाळी सुपरवायझर चिठ्ठ्या मोजून नेई. तिसऱ्या दिवशी दिपिकाच्या ध्यानात आलं की आत्याच्या हातून पिशव्या भरतात त्याच्या जवळजवळ दुप्पट तिच्या नंबरावर लागतात. घरी आल्यावर तिने विचारलं.

"बोटं आखडतात गो माझी," आत्या म्हणाली. "दुपारनंतर वळतच नाय. मंग भागीरथी नि त्या बाकीच्या दोन-दोन पिशव्यांना माझी चिठ्ठी लावतात. मी पन लावलीय त्यांना. भागीरथीला सातवा महिना होता, तवा महिनाभर लावली."

कॉलेजात सरांनी हेच शिकवलं होतं. कागदावर कोणी न नेमलेले गट असतात, आणि पुष्कळदा काम तेच चालवतात. परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य आपल्या डोळ्यांसमोर टेबलाला बसलेलं पाहून दिपिका हरखली. तिने त्यावर सहा पानं लिहिली. नाव कोणाचंच घातलं नाही. 'गटातली सर्वांत जुनी कामगार' एवढंच लिहिलं. खाली तक्ता दिला: कोणाच्या हातून किती पिशव्या भरल्या आणि कोणाच्या नंबरावर किती लागल्या. शेवटी लिहिलं की असा गट कंपनीने जपावा. एक प्रत कॉलेजात दिली, एक देसलेसाहेबांकडे.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी ते टेबल हललेलं होतं. आठ जणींना आठ ठिकाणी, भिंतीकडे तोंड करून बसवलं. आठवडाभर प्रत्येकीच्या पिशव्या वेगळ्या मोजल्या. शनिवारी कंपनीला बाया पुरवणाऱ्या कंत्राटदाराने यमू आत्याला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको.

आत्याने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा दिपिका भाकरी खात होती. तिने ती भाकरी पूर्ण खाल्ली. मग ताट घासलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही.

मंगळवारी ती मुरबाडला गेली. देसलेसाहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"साहेब, मी गट जपावा असं लिहिलं होतं."

"वाचलं मी. शेवटचं पान." साहेबांच्या आवाजात राग नव्हता. "पण तक्ताही तूच दिलास ना? तो चुकीचा आहे का?"

"नाही."

"मग मी काय करू, सांग. वरून विचारलं तर काय दाखवू?"

चहा निवत गेला.

कॉलेजात तिने सरांना विचारलं, तक्त्याचं पान काढता येईल का. सर म्हणाले, अगं, तेच तर सगळ्यात चांगलं पान आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्याच पानावर प्रश्न विचारले. दिपिकाने सगळी उत्तरं बरोबर दिली. बोलणारी कोणी दुसरीच आहे आणि आपण बाजूला बसून ऐकतोय, असं तिला सारखं वाटत राहिलं. वर्गात सर्वांत जास्त गुण तिला मिळाले.

त्या दिवशी घरी जाऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. आत्या ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"खोटं लिवलंस का काय?"

"नाय."

"मंग?" सूप थोडा वेळ चाललं, मग थांबलं. "मला वाटलं, मास्तरासाठी लिवतेस."

सूप पुन्हा चालू झालं.

निकालानंतर देसलेसाहेबांचा फोन आला. तुझं निरीक्षण चांगलं आहे, ऑफिसात ट्रेनी म्हणून ये. दिपिकाने दोन दिवस काही कळवलं नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "जा. तू नाय गेलीस तं दुसरी कोन जाईल. मला काय परत बोलावणार नाय ते."

दिपिका गेली. सकाळच्या जीपमध्ये भागीरथीने सरकून तिला जागा दिली आणि मुरबाड येईपर्यंत बाहेर बघत राहिली. ऑफिसात तिला दुसऱ्या सेक्शनची हजेरी तपासायला दिली. ती यादी घेऊन आत गेली तशा तिथल्या बाया बोलायच्या थांबल्या. तिने नंबर विचारले, त्यांनी सांगितले, तिने लिहून घेतले.

संध्याकाळी आत्या दारातच बसली होती.

"जेवलीस का तिथं?"

"जेवले."

"कोनासंगं?"

"एकटीच," दिपिका म्हणाली, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेली.